संगणकाचे अपडेट अडले तर काय करावे?



आज मी तुम्हाला आमच्या घरच्या संगणकाची हकिकत सांगणार आहे. ती वाचून तुमच्या घरचा संगणक असा अडला, तर तुम्ही घाबरणार नाही.

आमच्याकडे एक जुना संगणक आहे. ताईच्या एमएस-सीआयटीच्या वेळी बाबांनी तो सेकंडहँड घेतला. त्यात ताईच्या प्रवेशाची कागदपत्रे आहेत, बाबांच्या पीकविम्याच्या पावत्या आहेत आणि आमच्या आबांचा आवाज आहे. आबा वेताळवाडीच्या किल्ल्याच्या गोष्टी फार छान सांगत. ताईने त्या मोबाईलमध्ये भरून घेतल्या आणि संगणकात टाकल्या. पुढे तो मोबाईल पाण्यात पडला. नंतर आबाही वारले. आता त्या गोष्टी फक्त संगणकातच उरल्या होत्या.

२०२४ सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. रात्री संगणक बंद करताना पडद्यावर लिहून आले की अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका. आकडा तीस टक्क्यांवर आला आणि लाईट गेली. लाईट आल्यावर ताईने बटण दाबले, तर काळ्या पडद्यावर नुसते ठिपके गोल गोल फिरत होते. बाबा एका ओळखीच्या माणसाला विचारून आले. तो म्हणाला, “फॉरमॅट मारावा लागेल. आतलं काही राहणार नाही.” फॉरमॅट म्हणजे पाटी पुसावी तसा संगणक पुसणे. ते ऐकून आजीने पदर डोळ्याला लावला.

बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग मला म्हणाले, “आपली विहिरीवरची मोटार चालू झाली नाही, तर आपण लगेच ती वर काढतो का रे?”

मी म्हणालो, “नाही बाबा. आधी लाईट आहे का ते पाहतो. मग तिन्ही फेज पाहतो. मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. मोटार सगळ्यात शेवटी काढतो.”

“मग संगणकालाही तोच नियम लावा,” बाबा म्हणाले. “फॉरमॅट म्हणजे मोटार वर काढणं. ते शेवटी.”

आता अपडेट म्हणजे काय ते आधी सांगतो. संगणक ज्या आज्ञांवर चालतो त्यांना सॉफ्टवेअर म्हणतात. माणसांनीच लिहिलेले असल्यामुळे त्यात चुका राहतात. चूक सापडली की कंपनी दुरुस्ती पाठवते. अशा दुरुस्तीला पॅच म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ! सदरा उसवला की आई ठिगळ लावते, तसेच हे.

ठिगळ लावले नाही तर काय होते? २०१७ सालच्या मार्च महिन्यात मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका मोठ्या भगदाडाची दुरुस्ती पाठवली होती. ज्यांनी ती घेतली नाही, त्यांच्या संगणकांत मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा व्हायरस शिरला. तो दीडशेहून जास्त देशांत पसरला. जून महिन्यात नॉटपेट्या नावाचा दुसरा आला. त्यानेही त्याच भगदाडाचा उपयोग केला. त्याच्यामुळे आपल्या महाराष्ट्रात न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे संगणक बंद पडले आणि कंटेनर अडकून राहिले. म्हणून अपडेट कायमचे बंद करून ठेवणे हा काही उपाय नाही.

आता आम्ही काय काय केले ते क्रमाने सांगतो.

१) वाट पाहणे. ठिपके फिरत होते आणि डब्यावरचा छोटा दिवा लुकलुकत होता. याचा अर्थ आत काम चालू होते. ताई म्हणाली, “बटणाला कुणी हात लावू नका.” दोन तासांनी पडद्यावर आले की अपडेट पूर्ण करता आले नाही, बदल मागे घेत आहोत. नवीन फाइल नीट बसेपर्यंत संगणक जुन्या फाइली टाकून देत नाही. काम अर्धवट राहिले तर जुन्या परत जागेवर ठेवतो. रात्री साडेअकराला आमचा संगणक पूर्वीसारखा चालू झाला. काही तास थांबूनही दिवा अजिबात लुकलुकत नसेल, तरच बटण दहा सेकंद दाबून बंद करावा.

२) आधी नक्कल काढणे. संगणक चालू होताच ताईने दुसरे काहीच केले नाही. कागदपत्रे आणि आबांचा आवाज पेनड्राईव्हमध्ये उतरवला. खरे तर हे अपडेटच्या आधी करायचे असते. आमचे चुकलेच होते.

३) लाईटची सोय. दुसऱ्या दिवशी लाईट कधी जाते ते पाहून, मधल्या वेळेत पुन्हा अपडेट लावले. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच अपडेट करावे. यूपीएस असेल तर उत्तम, पण तो काही मिनिटेच टिकतो हे लक्षात ठेवावे.

आम्हाला वाटले, आता होणारच. पण लाईट असूनही अपडेट पुन्हा अडले! मोटारीचेही असेच असते. फ्यूज घातला तरी स्टार्टर बिघडलेला असू शकतो. एक दोष निघाला म्हणजे दुसरा नाहीच असे समजू नये.

४) पडद्यावरचा नंबर लिहून घेणे. अपडेट अडले की संगणक एक लांब नंबर दाखवतो. लोक तो न वाचताच खिडकी बंद करतात. पण तो नंबर म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी आहे. मी तो वहीत उतरवला. तो होता ०एक्स८००७००७०. त्याचा अर्थ, जागा पुरत नाही.

५) जागा पाहणे. आमच्या सी ड्राईव्हमध्ये फक्त तीन जीबी जागा मोकळी होती. मोठ्या अपडेटला दहा ते वीस जीबी लागते. घरात पाय ठेवायला जागा नसेल तर नवी कोठी कुठे ठेवणार? ताईने सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग स्टोरेज उघडले आणि तात्पुरत्या फाइली पुसल्या. कचरापेटी रिकामी केली. माझे दोन गेम काढले. मला वाईट वाटले, पण बारा जीबी मोकळी झाली. लग्नाचे व्हिडिओ डी ड्राईव्हमध्ये हलवले, तेव्हा आणखी नऊ जीबी मिळाली.

६) इंटरनेट पाहणे. आम्ही मोबाईलच्या हॉटस्पॉटवर संगणक चालवतो. मोठे अपडेट कित्येक जीबींचे असते, आणि मोबाईलचा रोजचा डेटा दीड-दोन जीबी. तो मध्येच संपला की उतरवणे थांबते. शिवाय कनेक्शनला ‘मीटर्ड’ अशी खूण असेल तर विंडोज मोठी अपडेट उतरवतच नाही. डेटा वाचावा म्हणून तो थांबून राहतो. आम्ही तीन दिवस थोडे थोडे उतरवले.

७) घड्याळ पाहणे. आमचे घड्याळ बरोबर होते, पण शेजारच्या काकांकडे हाच घोटाळा निघाला. त्यांचा संगणक रोज सकाळी जुनी तारीख दाखवायचा. कंपनीचा संगणक खरा आहे की खोटा हे आपला संगणक प्रमाणपत्र पाहून ठरवतो, आणि त्या प्रमाणपत्रावर मुदत असते. तारीखच चुकीची असेल तर खरे प्रमाणपत्रही खोटे वाटते आणि अपडेट अडते. दोष असतो आतल्या नाण्याएवढ्या सेलचा. त्याला सीआर २०३२ म्हणतात. गंमत म्हणजे नावातच माप आहे. २० मिलीमीटर रुंद आणि ३.२ मिलीमीटर जाड! काकांचे काम एका छोट्या सेलवर भागले.

८) एवढ्यानेही नाही झाले, तर पेनड्राईव्ह, प्रिंटर काढून संगणक पुन्हा चालू करावा. मग सेटिंग्जमध्ये ‘ट्रबलशूट’ आहे, ते चालवावे. संगणक दोन-तीनदा सुरू होताना अडला, तर तो आपणहून दुरुस्तीचा पडदा दाखवतो. तिथून शेवटचे अपडेट काढून टाकता येते, किंवा सेफ मोडमध्ये जाता येते. सेफ मोड म्हणजे अगदी गरजेपुरतेच सॉफ्टवेअर घेऊन संगणक उघडणे.

आमचे अपडेट चौथ्या दिवशी दुपारी पूर्ण झाले. खर्च झाला फक्त पेनड्राईव्हचा.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. प्रत्येक वेळी दोष आपलाच असतो असे नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राईक नावाच्या कंपनीने सुरक्षेसाठी पाठवलेले अपडेटच चुकीचे निघाले. जगात सुमारे पंचाऐंशी लाख संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. मुंबईच्या विमानतळावरही प्रवाशांच्या रांगा लागल्या आणि कर्मचाऱ्यांना हाताने नोंदी कराव्या लागल्या. मग त्यांनी उपाय काय केला? संगणक सेफ मोडमध्ये उघडले, ती एक चुकीची फाइल पुसली आणि पुन्हा चालू केले. सगळे संगणक काही फॉरमॅट करत बसले नाहीत. मोठ्या लोकांनाही बाबांचाच नियम लावावा लागला!

पालकांसाठी दोन सूचना. पडद्यावर “तुमचा संगणक बिघडला आहे, या नंबरवर फोन करा” असे आले, तर फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. तो चोरांचा सापळा आहे. चुकून पैसे गेले तर लगेच १९३० या सरकारी नंबरवर तक्रार करा.

दुसरी सूचना. विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहेत. त्या संगणकावर अपडेट येत नसेल तर तो बिघाड नव्हे, मुदत संपली आहे. संगणकाला झेपत असेल तर विंडोज ११ घ्यावी. नसेल झेपत तर लिनक्सचा विचार करावा. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने ‘बॉस’ नावाची लिनक्स बनवली आहे. ती मोफत आहे आणि तिच्यात मराठीही आहे. बदल करण्याआधी नक्कल काढायला मात्र विसरू नका.

मित्रांनो, लाईट, जागा, इंटरनेट, घड्याळ आणि पडद्यावरचा नंबर, एवढ्या पाच गोष्टी मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवल्या आहेत. तुम्हीही लिहून ठेवा. आधी बाहेरचे पाहावे, मग आतले. मोटार शेवटी काढावी.

तो पेनड्राईव्ह आता आजीच्या ट्रंकेत, तिच्या लुगड्यांच्या घडीत असतो. पोळ्याच्या दिवशी तिने तो स्वतः काढून दिला आणि आम्ही सगळ्यांनी आबांच्या गोष्टी ऐकल्या. मध्येच आबा खोकले, तेव्हा आजी पाणी आणायला उठली आणि मग हसून पुन्हा खाली बसली.

एवढे सांगून मी माझा लेख संपवतो. चूकभूल द्यावी घ्यावी.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी, सोयगाव