काचबिंदूचे थेंब मध्येच सोडू नका



पाण्याची पाळी चुकली तर ऊस पान सुकवून आपल्याला सांगतो. काचबिंदू बहुधा काहीच सांगत नाही. दुखत नाही, खुपत नाही. पुष्कळदा डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस सुकत जाते आणि नजर कडेकडेने कमी होते. मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने परत येते. काचबिंदूने गेलेली येत नाही. राहिली तेवढी राखायची, एवढेच आपल्या हाती.

आमच्या गटातल्या एका सभासदाचे थेंब चालू होते. उसाचे बिल लांबले, बाटली संपली. "डोळ्याला काय झालंय? चांगलं दिसतंय की!" म्हणून दोन हंगाम थेंब आणलेच नाहीत. आज रस्त्याने चालताना बाजूने येणारी बैलगाडी त्यांना दिसत नाही.

थेंबांनी खरेच फरक पडतो का? काट्याची पावती पाहिल्याशिवाय आपण वजन मानत नाही, तसेच इथेही दाखला पाहावा. डोळ्यातला दाब वाढलेल्या, पण काचबिंदू न झालेल्या १६३६ जणांवर अमेरिकेत संशोधन झाले, ते २००२ साली छापून आले. पाच वर्षांत औषधाविना राहिलेल्यांपैकी शेकडा ९.५ जणांना काचबिंदू झाला, थेंब घेणाऱ्यांपैकी ४.४ जणांना. २०१९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात इंग्लंडमधले ७१८ रुग्णांवरचे संशोधन आले. आधी लेसर केलेल्यांपैकी शेकडा ७४ जणांना तीन वर्षांनंतरही थेंबांवाचून चालले. आपल्याला लेसर चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. कोणी "संशोधनाने सिद्ध" म्हणून काही विकायला आला, तर कोणत्या साली, कुठे छापले, किती रुग्णांवर, हे त्यालाही विचारा.

आता खर्चाचे. टिमोलॉल अमेरिकेत १९७८ साली आले, लॅटानोप्रोस्ट १९९६ साली. दोन्ही औषधे आता अनेक कंपन्या करतात, म्हणून नावागणिक किंमत बदलते. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी दुकानात चौकशी करा. परस्पर औषध मात्र बदलू नका. दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. टिमोलॉल दमेकऱ्यांना बाधते.

चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि आई-वडील, भावंडांना काचबिंदू असलेल्यांनी डोळ्याचा दाब व नस तपासून घ्यावी. खताचे पैसे आपण आधी बाजूला काढतो, तसे थेंबांचेही काढावेत, एवढीच आमची विनंती.