विझलेल्या आगीची परीक्षा

देवळाली कॅम्प हें ठिकाण मूळ इंग्रजी छावणीचें. मायदेशीं नेणाऱ्या आगबोटीची वाट पाहत गोरे शिपाई येथें दिवस कंठीत. जुन्या बंगल्यांत कोठें कोठें भिंतींतली शेगडी व छपराबाहेर गेलेलें तिचें धुरांडें अद्याप दिसतें. नाशकाकडील पौषांतली थंडी ज्यांनीं सोसली आहे, त्यांस त्याचें महत्त्व सांगणें नको.

अशाच एका बंगल्यांत आम्ही सहकुटुंब उतरलों होतों. एका रात्रीं शेगडी पेटली असतां धुरांड्यांतून आगगाडी धडधडत जावी तसा आवाज येऊं लागला व वर ठिणग्या उडूं लागल्या. मुलांस बाहेर काढून आम्हीं १०१ क्रमांकावर वर्दी दिली. कोणी घागर उचलली. परंतु तापलेल्या विटांवर एकदम पाणी पडल्यास त्या तडकतात व वाफेचा झोत अंगावर येतो, म्हणून ती खालीं ठेवविली. शेगडीचें लोखंडी दार लावून वारा कोंडतांच आग मंदावली. पुढें बंबवाल्यांनीं ती पुरती विझविली.

दुसऱ्या सायंकाळीं वृद्ध मातोश्रींना थंडी सोसेना. "आग तर विझली, आतां भय कसलें?" असें चिरंजीवांनीं विचारलें. आम्हीं मात्र शेगडी पेटवूं दिली नाहीं. बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवण्यासही मनाई केली. कारण तींतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूस रंग नाहीं कीं वास नाहीं. मातोश्रींनीं ती रात्र गोधडी व गरम पाण्याच्या पिशवीवर काढिली.

ओलीं लाकडें धुमसत जळलीं म्हणजे धुरांतील डांबरासारखा अंश धुरांड्याच्या आंतल्या अंगास बसतो. तो पेटला म्हणजे उष्णता १,००० अंश सेल्सिअसच्या घरांत जाऊं शकते. विटा तडकतात, सांध्यांतला चुना झडतो. मग पुढच्या खेपेस ज्वाळेला लाकडापर्यंत आयती वाट मिळते.

धुरांडें पूर्ण थंड झाल्यावर गवंड्यास बोलाविलें. त्यानें खालून आरसा व विजेची बत्ती धरून आंत पाहिलें. काजळी फुगून जाळीदार झाली होती, हें आगीचें चिन्ह. दाराचा पत्रा वांकला होता. विटा मात्र शाबूत दिसत होत्या. पण माळ्यावर चढतांच धुरांड्याच्या बाहेरील अंगास धुराचा डाग दिसला. डागाखालीं केंसाएवढी भेग, आणि तिच्या समोरच्या तुळईची एक बाजू कोळशासारखी काळी! चिरंजीव कांहीं बोलले नाहींत.

भेगेवर नुसता गिलावा करून भागत नाहीं. तेवढा भाग उतरवून पुन्हां बांधवावा लागला. तेव्हांपासून वाळलेलेंच लाकूड जाळावयाचें व दरवर्षीं दिवाळीनंतर धुरांडें झाडवून घ्यावयाचें, असा नेम केला आहे.

नैयायिक धुरावरून अग्नीचें अनुमान करितात. गृहस्थानें भिंतीवरल्या डागावरून उद्यांच्या अग्नीचें अनुमान करावें.