काच दिसते ती कडांनी
घरातला स्टुडिओ : भाग ६

मागच्या आठवड्यात स्टीलचे डबे झाले. आता काचेच्या बाटल्या. या विषयाची सर्वाधिक गरज आमच्या अंबड-सिडको भागातल्या घरगुती उद्योगांना आहे, म्हणून आज जरा सावकाश जाऊ.

अंबड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एमआयडीसी येते, म्हणजे स्विचगिअर, गाड्यांचे सुटे भाग, पहाटेची पाळी. पण त्याच रस्त्यांच्या मागच्या घरांतून आणि छोट्या गाळ्यांतून गुलाबाचं सरबत, मध, काकवी, जांभळाचा रस, लाकडी घाण्याचं तेल असं बरंच काही बाटल्यांत भरलं जातं. शिवाय नाशिक हे वाइनचं शहर. २००० साली सुलाची पहिली वाइन बाजारात आली, २००१मध्ये राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण आलं, विंचूरला वाइन पार्क झालं. मोठ्या वायनरींना मुंबई-पुण्याचे स्टुडिओ परवडतात. काकवी विकणाऱ्या ताईंना परवडत नाहीत. त्यांच्या हाती असतो एक मोबाइल, खिडकीशेजारचा ओटा आणि एक फोटो, ज्यात बाटलीवर ट्यूबलाइटची पांढरी रेघ, खिडकीची जाळी आणि फोटो काढणाऱ्याचा कुडता असं सगळं दिसतं. माल मात्र दिसत नाही. चांगला माल वाईट फोटोमुळे मागे पडतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण हे दुरुस्त करायला दहा बाय बाराची खोली, एक-दोन फ्लॅश आणि थोडी समज एवढं पुरतं.

आधी समज. मातीच्या मडक्यावर प्रकाश टाकला की तो चहूकडे विखुरतो आणि मडकं दिसतं. काचेत तसं होत नाही. समोरून पडलेल्या प्रकाशातला जेमतेम चार टक्के भाग एका पृष्ठभागावरून परत येतो, बाकीचा आरपार जातो. म्हणजे तुम्ही फ्लॅश बाटलीवर रोखून मारलात तर बाटली उजळत नाही, तिच्यावर फक्त फ्लॅशचंच एक भगभगीत प्रतिबिंब उमटतं. आपण ज्याला ‘काच दिसली’ म्हणतो, ते खरं तर काचेतून आणि काचेवर दिसणारं आजूबाजूचं जग असतं. म्हणून आजच्या भागाचा सगळा अर्थ एवढाच : प्रकाश बाटलीवर टाकायचा नाही, बाटलीच्या भोवतालावर टाकायचा.

भोवताल सगळ्यात जास्त कुठे दिसतो? कडांवर. बाटली गोल असते. तिच्या मध्यावर आपली नजर काचेला सरळ भेटते, पण कडेकडे जावं तसतशी ती तिरपी होत जाते. नजर काचेच्या लंबाशी ८० अंशांचा कोन करू लागली की परावर्तन चार टक्क्यांवरून जवळजवळ चाळीस टक्क्यांवर जातं आणि अगदी काठावर तर काच आरशासारखी वागते. त्यात अपवर्तनाची भर पडते. बाटल्यांच्या काचेचा अपवर्तनांक साधारण १.५२ असतो, त्यामुळे काठाजवळचे किरण इतके वळतात की तिथे मागची भिंत न दिसता भिंतीच्या बाजूला जे असेल ते दिसतं. तिथे काळं ठेवलं तर कड काळी, पांढरं ठेवलं तर कड पांढरी. फिल हंटर आणि पॉल फुक्वा यांचं ‘लाइट : सायन्स अँड मॅजिक’ हे पुस्तक १९९०मध्ये आलं. काचेच्या छायाचित्रणाची ही बाजू त्यात फार नेटकी मांडली आहे. इंग्रजी वाचता येत असेल तर ते जरूर मिळवा.

पहिली रचना : उजळ पार्श्वभूमी, काळ्या कडा. टेबल भिंतीपासून निदान चार-पाच फूट पुढे ओढा. बाटलीच्या मागे दोनेक फुटांवर ट्रेसिंग पेपर ताणून लावा. लाकडी पट्ट्यांची चौकट करून त्यावर चिकटवला तर सुरकुत्या पडत नाहीत, आणि ही चौकट पुढे कितीतरी कामांना येते. कागदाच्या मागे फ्लॅश, कागदाकडे तोंड करून. बाटलीवर थेट काहीही पडत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, छिद्र एफ ११, वेग १/१६० सेकंद. एफ २२पर्यंत जाण्याचा मोह टाळा. छिद्र फार बारीक केलं की विवर्तनामुळे लेबलावरची बारीक अक्षरं मऊ पडतात.

फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. आला नाही, तर खोलीतला ट्यूबलाइट किंवा खिडकी तुमच्या फोटोत लुडबूड करते आहे. हीच फ्लॅशची मोठी सोय : त्याचा झोत क्षणभराचा पण इतका जोरदार असतो की या सेटिंगवर घरातला बाकीचा उजेड हिशेबातून बाद होतो. झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास टिकत असल्याने बाहेरून अवजड ट्रक गेला आणि टेबल किंचित हाललं तरी चित्र थरथरत नाही. एमआयडीसीला लागून राहणाऱ्यांना हे महत्त्वाचं.

आता फ्लॅश लावून काढा. बाटलीच्या कडेने एक बारीक गडद रेघ दिसेल. ती फिकट वाटली तर काळ्या कार्डशीटच्या दोन उभ्या पट्ट्या कापा, बाटलीपेक्षा थोड्या उंच, आणि त्या दोन्ही बाजूंना कॅमेऱ्याच्या चौकटीच्या जरा बाहेर उभ्या करा. पट्ट्या जवळ आणल्या की रेघ जाड होते, दूर नेल्या की बारीक. ही रेघ पेन्सिलीने काढल्यासारखी गळ्यापासून बुडापर्यंत सलग उतरू लागली की हात थांबत नाही, हे मी खात्रीने सांगतो.

इथे बहुतेकांची गाडी एका ठिकाणी अडते. पार्श्वभूमी पांढरीशुभ्र हवी म्हणून फ्लॅशची ताकद वाढवत नेतात आणि कडा विरघळायला लागतात. कारण मागचा प्रकाश गरजेपेक्षा मोठा आणि जोरदार झाला की तो लेन्समध्ये पसरतो आणि बाजूंनी बाटलीला वेढतो. उपाय दोन. एक, उजळ भाग कॅमेऱ्याच्या चौकटीएवढाच ठेवा; उरलेला ट्रेसिंग पेपर काळ्या कागदाने झाका. दुसरा, ताकद पायरीपायरीने उतरवा. कॅमेऱ्याच्या आलेखात उजवीकडचा डोंगर कडेला टेकेल इतपतच हवा, भिंतीवर चढलेला नको. दोनशे वॅट-सेकंदांचा फ्लॅश असेल तर या कामाला त्याची पूर्ण ताकद क्वचितच लागते.

सरबत, मध, तेल यांसाठी ही रचना उत्तम. मागून येणारा प्रकाश द्रवातून गाळून येतो आणि मधाचा खरा रंग उजळतो. मात्र भरलेली बाटली लेन्ससारखी वागते आणि मागचं दृश्य डावं-उजवं उलटं करते. बाटलीमागे वर्तमानपत्र धरून पाहा, लगेच कळेल. म्हणून पार्श्वभूमी एका बाजूला उजळ आणि दुसरीकडे गडद ठेवलीत, तर बाटलीच्या आत ती नेमकी उलटी दिसेल. काही वेळा तेच सुंदर दिसतं, पण ते ठरवून झालेलं असावं.

दुसरी रचना पहिलीची उलटी. मोठा उजळ पडदा तोच ठेवा, पण त्याच्या मध्यभागी, बाटलीच्या बरोबर मागे, काळ्या मखमलीचा तुकडा लावा. तो कॅमेऱ्याच्या चौकटीपेक्षा किंचित मोठा हवा. चौकटीत आता सगळं काळं, आणि चारही बाजूंनी लपलेला पांढरा पडदा बाटलीच्या कडांत डोकावतो. काळोखात काचेची पांढरी रेखाकृती उभी राहते. रिकामे पेले, अत्तराची कुपी, कोरीव नक्षीची बाटली यांसाठी ही रचना घ्या. साध्या काळ्या कागदापेक्षा मखमल बरी, कारण कागद प्रकाश पडला की करडा होतो. पण सांगून ठेवतो, इथे धुळीचा प्रत्येक कण ताऱ्यासारखा चमकतो. बाटली धुऊन, मऊ कापडाने पुसून, पुढचं सगळं सुती हातमोजे घालूनच करा. नंतर संगणकावर ठिपके पुसत बसण्यापेक्षा ही पाच मिनिटं स्वस्त पडतात.

आता आमच्याकडची खरी अवघड बाब : गडद द्रव. काकवी, जांभळाचा रस, हिरव्या बाटलीतली रेड वाइन. वाइनची बाटली गडद असते ती प्रकाशाने आतला माल बिघडू नये म्हणून. बाटलीच्या दृष्टीने ते योग्यच, पण फोटोत ती कोळशासारखी काळी येते. यावरची युक्ती जुनी आणि साधी आहे. पांढऱ्या किंवा सोनेरी कार्डशीटचा तुकडा बाटलीच्या आकारात, पण तिच्यापेक्षा थोडा अरुंद कापा. तो बाटलीच्या पाठीमागे, किंचित तिरका, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा टेकवा आणि एका बाजूने वरून फ्लॅशचा अरुंद झोत त्यावर पाडा. कार्डावरून उसळलेला प्रकाश द्रवातून पुढे येतो आणि काकवीचा तो तांबूस-सोनेरी रंग जागा होतो. सोनेरी कार्ड काकवीला आणि मधाला शोभतं. वाइनला पांढरंच वापरा, नाहीतर लाल रंग विटकरीकडे झुकतो.

काही जण फोटोपुरता द्रव पाण्याने पातळ करतात. मला ते पटत नाही. गिऱ्हाईक रंग बघून काकवीचा दाटपणा ठरवतं, आणि घरी बाटली उघडल्यावर त्याला वेगळा माल दिसला तर ते पुन्हा येत नाही. कार्डाने रंग उजळता येत असताना मालात हात घालायची गरजच नाही.

लेबलाचा प्रश्न वेगळा आहे. ते कागद आहे, त्याला समोरून प्रकाश हवा. आणि समोरून प्रकाश आला की काचेवर झळक येते. यातून सुटायचं तर कोन सांभाळावा लागतो. बाटलीच्या गोल पृष्ठभागावर कॅमेऱ्याला प्रतिबिंब दिसेल अशा जागांचा पट्टा फार रुंद असतो, त्यामुळे झळक पूर्ण टळत नाही, तिला फक्त शिस्त लावता येते. डावीकडे, कॅमेऱ्याच्या थोडा पुढे, उभा ट्रेसिंग पेपर लावा आणि त्यामागे दुसरा फ्लॅश. फ्लॅश कागदाच्या अगदी जवळ नेला तर मधला भाग तेजस्वी आणि कडा विझत जाणाऱ्या दिसतात, कारण अंतर तिप्पट झालं की प्रकाश नवव्या हिश्शावर येतो. तीच विझत जाणारी पट्टी बाटलीच्या अंगावर उतरते आणि काचेला गोलाई देते. सॉफ्टबॉक्सची धारदार चौकट बाटलीवर उमटलेली मला कधीच आवडत नाही. ती काचेबद्दल काही सांगत नाही, फक्त आमच्या सामानाची जाहिरात करते. पट्टी गळ्यापासून तळापर्यंत तुटू नये, आणि लेबलावरच्या अक्षरांवर चढू नये.

ध्रुवीकरण फिल्टरबद्दल बरेच वाचक विचारतात. काचेवरची झळक तो सर्वाधिक काढतो ती लंबापासून साधारण ५७ अंशांच्या कोनात. गोल बाटलीवर प्रत्येक बिंदूचा कोन निराळा, म्हणून तो एका पट्ट्यातच काम करतो. लेबलावर सोनेरी फॉइलची छपाई असेल तर तिची चमक लेन्सवरच्या फिल्टरने एकट्याने जात नाही. तिथे पांढऱ्या कार्डाचा तुकडा योग्य कोनात धरला तर फॉइल काळं न दिसता सोनेरी दिसतं. मागच्या बाजूचं लेबल पारदर्शक बाटलीतून दिसत असेल तर फोटोपुरत्या बाटलीवर ते लावूच नका.

थंडगार बाटलीवरचे थेंब हवे असतील तर ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात घेऊन फवारा. नुसतं पाणी ओघळतं आणि सुकतं. ग्लिसरीन हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे थेंब बराच वेळ टिकतात. लेबल आधी झाकून घ्या.

दोन खबरदाऱ्या. मॉडेलिंग लॅम्प हॅलोजनचा असेल तर कागद त्याला चिकटू देऊ नका, आणि फ्लॅशची बॉडी कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब शिल्लक असतो.

अंबडहून पांडवलेण्यांच्या पायथ्याशी गेलं की दादासाहेब फाळके स्मारक लागतं. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले फाळके चित्रपटाआधी छायाचित्रकार होते, बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप उगवताना टिपून ‘अंकुराची वाढ’ केली, आणि ते पाहून भांडवल देणारा माणूस तयार झाला. वस्तू हालचाल न करता पुढ्यात बसलेली, कॅमेरा जागचा हललेला नाही, प्रकाश ओळखीचा आणि करणाऱ्याकडे धीर. घरातल्या स्टुडिओची मूळ पुंजी तीच आहे.

ट्रायपॉड न हलवण्याचा फायदा बाटलीलाही होतो. काचेसाठी एक फोटो, लेबलासाठी प्रकाश बदलून दुसरा, मागच्या कार्डाने उजळलेल्या द्रवासाठी तिसरा, असे वेगवेगळे काढून संगणकावर थर लावता येतात. व्यावसायिक स्टुडिओही हेच करतात, यात लपवण्यासारखं काही नाही. फोकस हाताने ठेवा आणि छिद्र, अंतर बदलू नका, म्हणजे थर एकमेकांवर तंतोतंत बसतात. पुढच्या आठवड्यात हे थर लावण्याचंच काम पाहू. तोवर घरातली कुठलीही रिकामी बाटली, ट्रेसिंग पेपर आणि दोन काळ्या पट्ट्या घेऊन पहिली रचना करून पाहा, आणि पट्ट्या एकेक इंच सरकवत कड कशी जाड-बारीक होते ते नोंदवून ठेवा. थर लावताना ती नोंद लागणार आहे.