हवा दबते तेव्हा

सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीचा कारखाना 1910 सालचा. तिथल्या पंपांनी पिढ्यान्‌पिढ्या शेतात पाणी चढवलं. इंपेलरमधून धावणाऱ्या या पाण्याचं गणित मांडताना एक मोठी सवलत मिळते: पाणी कितीही ढकला, त्याची घनता जवळजवळ तेवढीच राहते. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरच्या पवनचक्क्यांनाही ही सवलत चालते. पात्याचं टोक सेकंदाला 70-80 मीटर वेगाने फिरलं, तरी हवेचा वेग ध्वनिवेगाच्या तीन दशांशांखाली असेपर्यंत घनता पाच टक्क्यांहून जास्त हलत नाही.

त्यापुढे सवलत संपते.

ध्वनीचा वेगही ठरलेला नाही. 15 अंश तापमानाला तो सेकंदाला 340 मीटर, तर सांगलीच्या मे महिन्यातल्या 40 अंशांत 355 मीटर भरतो. हवा त्या वेगाच्या जवळ गेली की दबते आणि तापते. दाब, घनता, तापमान आणि वेग एकमेकांत गुंततात, त्यामुळे ऊर्जेचं समीकरणही सोबतच सोडवावं लागतं.

सांगलीच्या विश्रामबागेत 1947 साली सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला वालचंद हिराचंद यांचं नाव आहे. मूळचे सोलापूरचे असलेल्या याच उद्योजकाने 1940 मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी केली. पण हे गुंतलेलं गणित प्रयोगाने पडताळायला लागणारे ध्वनीहून वेगवान वाऱ्याचे बोगदे देशात मोजकेच आहेत. बंगळुरूच्या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेतला 1.2 मीटरचा बोगदा 1960च्या दशकापासून चालतो. सांगलीच्या किंवा कराडच्या विद्यार्थ्याला तो सहजासहजी मिळणार नाही. संगणक मात्र मिळतो.

प्रवाहाचं गणित सोडवणारं ओपनफोम हे सॉफ्टवेअर 2004 पासून मोफत आणि खुलं आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने ते देशभरच्या विद्यार्थ्यांपर्यंत नेलं. पहिला धडा बहुधा पाचरीचा असतो. 15 अंश चढाच्या पाचरीवर ध्वनीच्या दुप्पट वेगाने हवा सोडायची. टोकापासून एक तिरपी आघातरेषा निघते आणि ती ओलांडताच दाब सव्वादोनपटीच्या जवळ चढतो. हातानं सोडवलेलं सूत्र या रेषेचा कोन 45.3 अंश सांगतं. पडद्यावरचा कोन त्याच्याशी पडताळल्याशिवाय रंगीत चित्रावर विसंबायचं नाही, ही शिस्त इथेच अंगी बाणते.

अडचण जाडीची आहे. खरी आघातरेषा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असते, आणि संगणक प्रवाह ज्या जाळीत विभागतो त्या मेशचं एक घर असतं मिलिमीटरभर. त्यामुळे सॉल्व्हर ती चार-पाच घरांत पसरवून दाखवतो. वेळेचं पाऊलही आखडतं: दुप्पट ध्वनिवेगाच्या प्रवाहात लहर सेकंदाला हजार मीटर धावते, म्हणून मिलिमीटरच्या घरासाठी पाऊल सेकंदाच्या दशलक्षांशाहून मोठं टाकता येत नाही. कूराँट, फ्रिडरिख्स आणि लेवी यांनी ही मर्यादा 1928 सालीच दाखवून दिली होती. ती मोडली की तापमान शून्याखाली, केल्विनमध्येही, जातं आणि रन कोसळतो.

रेषा धारदार हवी, तर मेश दुप्पट बारीक करावी लागते. मग सपाट पाचरीसाठीही घरं चौपट होतात आणि पावलं दुप्पट, म्हणजे काम आठपट. तासाभराच्या रनला मग अख्खी रात्र लागते, पण सकाळी पडद्यावरची ती तिरपी रेषा निम्म्याने बारीक झालेली असते.