अब्बा आखातात, मुलं अम्मीपाशी

कोकणातल्या इतर भागांसारखीच आपल्या कर्जत-खालापुरातही अब्बा आखातात आणि लहान मुलं एकट्या अम्मीजवळ, अशी घरं आहेत. आपल्याकडे रात्रीचे 9 वाजतात तेव्हा दुबईत साडेसात, रियाधमध्ये साडेसहा. ड्युटी संपून फोन येईपर्यंत मूल झोपलेलं असतं. त्याला वाटतं, अब्बा विसरले. म्हणून आम्ही शिक्षक पालकांना सांगतो, रोज जमलं नाही तरी सुट्टीचा एक वार पक्का ठरवा. सौदीत जुम्म्याला बहुतेकांना सुट्टी असते. फोनवर फक्त मार्क विचारू नका, आज काय खेळलास तेही विचारा. “अब्बा आल्यावर सांगते” अशी धमकी नको. त्याने बाप परका होतो. आणि दादी-खालांनी रोज तासभर मुलं सांभाळावीत. अम्मीलाही दम खाऊ द्या.