ऑब्जेक्ट ओरिएंटेड स्क्रिप्टिंग भाषेचा विस्तार : 'इन्कर टीसीएल ४' च्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

संगणकीय भाषांचा विचार करताना भाषेचा गाभा आणि तिचे विस्तार असा भेद करावा लागतो. गाभ्यात काय असावे आणि विस्तारावर काय सोपवावे, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. त्यावर लिहिल्या गेलेल्या आज्ञावलींचे आयुष्य अवलंबून असते. प्रस्तुत लेखात टीसीएल या स्क्रिप्टिंग भाषेच्या 'इन्कर टीसीएल' या विस्ताराच्या चौथ्या आवृत्तीच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी :

जॉन ऑस्टरहाउट यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली येथे १९८८ मध्ये टीसीएलची निर्मिती सुरू केली. 'टूल कमांड लँग्वेज' हे तिचे पूर्ण नाव असून तिचा उच्चार 'टिकल' असा केला जातो. या भाषेचे व्याकरण अत्यंत अल्प आहे. प्रत्येक विधानातील पहिला शब्द ही आज्ञा असते व पुढील शब्द त्या आज्ञेची सामग्री असतात. अट किंवा आवर्तन यांसाठीही वेगळे व्याकरण नसून त्यादेखील आज्ञाच आहेत. त्यामुळे सी भाषेत लिहिलेली नवी आज्ञा जोडली की भाषा विस्तारते. मूळ व्याकरणाला धक्का लागत नाही.

मूळ टीसीएलमध्ये क्लास व ऑब्जेक्ट यांची सोय नव्हती. मोठ्या आज्ञावलींत ही उणीव जाणवू लागली. बेल लॅब्जमधील मायकेल मॅक्लेनन यांनी १९९३ मध्ये 'इन्कर टीसीएल' सादर केले. टीसीएलमध्ये 'इन्कर' ही आज्ञा संख्येत एकाची भर घालते. सी प्लस प्लस या नावातील कल्पनाच येथे टीसीएलच्या शब्दांत मांडली आहे.

विस्ताराचे स्वरूप :

ग्रंथालयाचे उदाहरण घेता येईल. 'ग्रंथ' हा क्लास असून त्यात शीर्षक व दाखल क्रमांक ही माहिती आणि 'देणे', 'परत घेणे' या क्रिया आहेत. 'संदर्भग्रंथ' हा क्लास 'ग्रंथ' पासून वारसा घेतो, मात्र 'देणे' ही क्रिया बदलून नकार देतो. 'संदर्भग्रंथ' पासून 'कोश' नावाचा ऑब्जेक्ट निर्माण केला की 'कोश' हीच एक नवी आज्ञा बनते. 'कोश देणे' असे लिहिल्यास पहिला शब्द आज्ञा आणि दुसरा क्रिया ठरतो. म्हणजेच ऑब्जेक्टही भाषेच्या मूळ नियमातच सामावतो.

विस्तारांची विविधता व तिची किंमत :

विस्तार करणे सुलभ असल्याने विस्तार अनेक झाले. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत ओटीसीएल तयार झाले. त्यावर आधारित एक्सओटीसीएल हा विस्तार गुस्ताफ नॉयमान व उवे झ्डुन यांनी २००० मध्ये मांडला. त्यात मिक्सिन व फिल्टर या संकल्पना होत्या. परंतु प्रत्येकाची क्लासविषयक यंत्रणा स्वतंत्र असल्याने एका विस्तारातील क्लासला दुसऱ्यातील क्लासचा वारसा घेता येत नसे.

या स्थितीची किंमत एनएस-२ या संगणक-जाळ्यांच्या सिम्युलेटरच्या बाबतीत दिसते. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतही त्याचा वापर झाला. त्यातील प्रयोग ओटीसीएलमध्ये लिहावे लागत. २००८ मध्ये आलेल्या एनएस-३ ने ओटीसीएल वगळून सी प्लस प्लस व पायथन स्वीकारल्या. परिणामी जुने प्रयोग नव्या सिम्युलेटरवर चालेनासे झाले व ते नव्याने लिहावे लागले.

चौथी आवृत्ती :

डिसेंबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टीसीएल ८.६ मध्ये डोनाल फेलोज यांनी रचलेली टीसीएल-ओओ ही यंत्रणा गाभ्यात समाविष्ट झाली. तिने मिक्सिन व फिल्टर स्वीकारले. शिवाय इतर ऑब्जेक्ट प्रणालींना पाया पुरविणे हाही तिचा हेतू होता. इन्कर टीसीएल ४ याच पायावर नव्याने उभारले गेले. अंतर्गत यंत्रणा बदलली, तरी क्लास लिहिण्याची परिचित पद्धत कायम ठेवण्यात आली. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या टीसीएल ९.० मध्ये सी भाषेतील जोडणीचे नियम बदलले, तेव्हाही इन्कर टीसीएलची ४.३ ही आवृत्ती तिच्यासोबत देण्यात आली.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, गाभ्याबाहेरील विस्तार हे नव्या कल्पनांचे प्रयोगक्षेत्र असते. परंतु प्रयोग सिद्ध झाल्यावर त्याला समान पाया लाभला नाही, तर त्यावर अवलंबून असलेले काम निराधार होते. अध्यापनासाठी वा संशोधनासाठी साधन निवडताना त्यातील सोयींइतकाच त्याच्या पायाचा विचार होणे आवश्यक आहे. विद्यार्थ्याने आज लिहिलेली आज्ञावली दहा वर्षांनी चालेल की नाही, हे बहुधा त्या निवडीच्या वेळीच ठरत असते.