डिस्क वाकत नाही, जाड-बारीक होते

माल भरलेला पिकअप ताशी ऐंशीच्या वेगाने चालला आहे. चालक ब्रेकवर पाय ठेवतो आणि स्टिअरिंग हातात थरथरू लागते. गॅरेजमध्ये गाडी जॅकवर चढायच्या आधीच निदान तयार असते : ‘डिस्क बेंड झाली.’ मग डिस्क लेथवर मारून आणली जाते किंवा नवी जोडी बसते, थरथर थांबते, बिल भागते. पाच-सात हजार किलोमीटर होतात न होतात तोच ती परत सुरू. आता दोष जातो नव्या डिस्कच्या मालाकडे, चालकाच्या पायाकडे, नाहीतर घाटाकडे. चूक मात्र त्या पहिल्या शब्दातच झालेली असते. ब्रेक लावताना येणारी थरथर बहुतेक वेळा डिस्क वाकल्याने येत नाही. डिस्कची जाडी सगळीकडे सारखी न राहिल्याने येते. हा नुसता शब्दांचा खेळ वाटेल, पण हात कुठे घालायचा हे त्यावरच ठरते.

आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. पुढच्या चाकाबरोबर फिरणारी डिस्क दोन पॅडच्या चिमट्यात धरली जाते आणि तो चिमटा, म्हणजे कॅलिपर, पिनांवर आत-बाहेर सरकू शकतो. त्यामुळे सारख्या जाडीची डिस्क थोडी डगमगत फिरली, तरी कॅलिपर तिच्या मागोमाग सरकतो आणि पकड फारशी बदलत नाही. जाडी बदलली की मात्र गंमत संपते. जाड भाग पॅडमध्ये शिरला की पिस्टन मागे रेटला जातो, तेलाचा दाब वाढतो, चाक जास्त आवळले जाते. बारीक भाग आला की ढिले पडते. प्रत्येक फेऱ्याला एक झटका. त्यासाठी लागणारा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावा लागतो. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो, ०.०२ मिलिमीटरचा जाड-बारीकपणाही स्टिअरिंग हलवायला पुरतो. पिकअपच्या टायरचा घेर सुमारे २.२ मीटर धरला, तर ताशी ८० किलोमीटरला चाक सेकंदाला दहा फेरे घेते, म्हणजे सेकंदाला दहा झटके. पुढचे सस्पेन्शन आणि स्टिअरिंग यांची स्वतःची हलण्याची लयही सेकंदाला दहा ते पंधराच्या आसपास असते. झोपाळ्याला त्याच्याच ठेक्यावर ढकलले की तो उंच जातो, तसेच इथे होते. ‘ऐंशीच्या पुढे हलते, चाळीसला काहीच नाही’ ही चालकाची तक्रार म्हणूनच अगदी शास्त्रशुद्ध आहे. चाळीसला दोष गेलेला नसतो, लय जुळत नसते एवढेच.

आता उष्णतेचे बघू, कारण ‘घाटात तापून वाकली’ हा सगळ्यांचा आवडता खुलासा आहे. अडीच टनांची गाडी ऐंशीवरून थांबवायची तर सुमारे सहाशे किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. दोन लिटर पाणी उकळीपर्यंत आणायला जवळपास एवढीच लागते. सात-आठ किलोंची पुढची डिस्क अशा एका ब्रेकने पन्नास-साठ अंशांनी तापते. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना उंची सुमारे पाचशे मीटरने कमी होते. त्या उताराची ऊर्जा अशा वीस ब्रेकांइतकी भरते. काही वाटा इंजिन आणि हवा उचलतात, पण गाडी न्यूट्रलला टाकून उतरणाऱ्याच्या डिस्कला बराचसा भार एकटीने सोसावा लागतो. म्हणजे डिस्क चांगलीच तापते, यात वाद नाही. पण ती बिडाची असते आणि बीड अकराशे अंशांच्याही वर वितळते. डिस्क मऊ पडून कायमची वाकण्याच्या कितीतरी आधी पॅडमधली राळ जळू लागते, वास सुटतो, ब्रेक लागेनासा होतो. गरम डिस्क थोडी कलते हे खरे, पण निवल्यावर ती बहुतांशी जागेवर येते. सकाळी थंड गाडीही थरथरत असेल तर त्या कलण्याला दोष देता येत नाही. फोर्डच्या जीटी-४० या शर्यतीच्या गाड्यांच्या पथकात काम केलेले अभियंते कॅरोल स्मिथ यांनीही नेमके हेच लिहून ठेवले आहे : शर्यतीतल्या आपल्या चाळीस वर्षांत उष्णतेने वाकलेली डिस्क त्यांना पाहायला मिळाली नाही. शर्यतीच्या गाडीचे ब्रेक ज्या तापमानाला पोचतात, त्यापुढे आपला घाट म्हणजे कोमट पाणी.

मग जाडी बिघडते कशी? एक कारण डिस्कवर नसतेच, तिच्या मागे असते. डिस्क ज्या हबवर बसते तिथे गंजाचा पापुद्रा किंवा मातीचा कण राहिला, तर डिस्क काही शतांश मिलिमीटर तिरकी बसते. पहिल्या दिवशी चालकाला काहीच जाणवत नाही. पण ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कपासून नावालाच दूर असतात, आणि डगमगणाऱ्या डिस्कचा एकच भाग प्रत्येक फेऱ्याला त्यांना चाटून जातो. किलोमीटरमागे साडेचारशे फेरे, पाच हजार किलोमीटरला बावीस लाखांहून अधिक. तेवढ्या चाटण्यांत तो भाग झिजून बारीक होतो. दुरुस्तीनंतर काही हजार किलोमीटरनी थरथर परत का येते, त्याचे उत्तर या हिशेबात आहे : डिस्क बदलली, गंज तसाच राहिला. पंक्चरच्या दुकानात हवेच्या गनने नट वाटेल तसे आवळले तरीही डिस्क अशीच तिरकी ओढली जाऊ शकते. समोरासमोरचे नट आलटून पालटून आणि ठरलेल्या जोरानेच आवळायचे, या नियमामागे हे कारण आहे. पाना पायाने दाबून नट ‘फिट’ करण्याची आपली हौस इथे महागात पडते.

दुसरे कारण पॅडचा थर. पॅड नुसता घासत नाही. त्याच्या मालाचा पातळ थर डिस्कवर चढतो आणि तो सारखा असेल तर ब्रेक उत्तम लागतो. घाट उतरून तापलेल्या ब्रेकवर पाय तसाच दाबून गाडी उभी ठेवली, की पॅडखालच्या जागी जास्त माल चिकटतो. पुढे तीच जागा जास्त घासते, जास्त तापते. तिथे तापमान सव्वासातशे अंशांवर गेले तर बिडाची अंतर्रचना बदलून तो डाग आजूबाजूपेक्षा कडक होतो आणि मग तो झिजेनासाच होतो.

यावर मिस्त्री विचारतील : लेथवर मारल्यावर थरथर जाते, मग डिस्क वाकलेली नव्हती कशावरून? पण लेथ चिकटलेला थरही काढतो आणि जाड-बारीकपणाही. तापाच्या गोळीने ताप उतरला म्हणून तो मलेरियाच होता असे ठरत नाही. शिवाय डिस्क सुटी काढून लेथवर मारली तर ती लेथच्या मध्याशी जुळते, गाडीच्या गंजलेल्या हबशी नव्हे. दुसरा आक्षेप पाण्याचा : तापलेली डिस्क ओढ्यात किंवा वॉशिंगच्या फवाऱ्याखाली गेली तर वाकत नाही का? कधी वाकूही शकते, तडाही जाऊ शकतो. तापलेल्या चाकावर पाणी मारू नये हे खरेच. पण प्रत्येक थरथरीचा गुन्हा त्या एका ओढ्यावर टाकता येत नाही.

निदानाची सुरुवात म्हणूनच प्रश्नांनी व्हावी. ब्रेक न लावताही हलते? मग आधी टायर आणि बॅलन्सिंग पाहा. थरथर हातात येते की सीटखाली? हातात येत असेल तर पुढच्या डिस्ककडे बोट जाते. सीट आणि हौदा हलत असेल तर मागच्या ड्रमकडे, कारण ड्रमही लंबगोल होतो. शंका राहिली तर मोकळ्या, सरळ रस्त्यावर, रिकाम्या गाडीत, कमी वेगाला हँडब्रेकचे बटण दाबून धरून तो हळूच ओढावा. हँडब्रेक मागच्या चाकांनाच लागत असल्याने थरथर आली तर ड्रम सापडला. फक्त करकचून ब्रेक मारल्यावर पेडल धडधडत असेल आणि गाडीला एबीएस असेल, तर ते एबीएसचे काम आहे, बिघाड नव्हे. ढिला बॉल जॉइंट किंवा टाय रॉड स्वतः थरथर निर्माण करत नाही, पण बारीक थरथर मोठी करून हातापर्यंत पोचवतो. तोही हलवून पाहावा. आणि शेवटी मोजमाप. डगमग मोजणारा डायल गेज डिस्कच्या जोडीपेक्षा स्वस्त मिळतो, जाडी मोजणारा मायक्रोमीटर तर लेथवाल्याकडे असतोच. डोळ्यांना शतांश मिलिमीटर दिसत नाही, मिस्त्री कितीही जुना असो.

पुढच्या वेळी कोणी ‘बेंड झाली’ म्हणाले, तर जुनी डिस्क भंगारात टाकू देऊ नका. कडेने आठ ठिकाणी तिची जाडी मोजून आकडे कागदावर मागा, डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीशी ते ताडून पाहा, आणि नवी बसवण्याआधी हबवरचा गंज तुमच्यासमोर तारेच्या ब्रशने काढायला लावा.